तिला कुणी हाकललं नव्हतं

एका कागदावर मी एकदा खोटी सही केली. त्या कागदात एका नर्सबाईंबद्दल लिहिलं होतं, की त्यांनी मरणाला टेकलेल्या माझ्या बायकोला खाटेवरून उठवून दवाखान्याबाहेर काढलं. तसं झालं नव्हतं. बायकोला मी आणलं. नर्सबाई नको म्हणत होत्या. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण मागे दोन वेळा हे लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा लहानपण, शाळा, नोकरी असा लांबून फिरत राहिलो, इथवर आलोच नाही. आता नव्वदी आली. फिरायला तेवढी जागा उरलेली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. लग्नाला आठ वर्षं झालेली, मुलगी चार वर्षांची. बायकोच्या डाव्या छातीत गाठ आली आणि ती तिनं सहा महिने कुणाला सांगितली नाही. सांगितली तेव्हा गाठ राहिली नव्हती, फुटून जखम झाली होती. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध, मग चिखलीचे एक डॉक्टर, मग त्यांच्या चिठ्ठीवर दवाखाना. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यातलाच. केसपेपरवर अजून जुन्या प्रांताचं नाव छापलेलं असे, कारकून त्यावर शाईची रेघ मारून काम चालवायचा. नर्सबाईंचंही नाव लिहीत नाही. लिहू का, असं त्यांना विचारण्याची वेळ मी घालवली.

डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी मला एवढंच सांगितलं, "लवकर आणायला हवं होतं, मास्तर," आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. बाकीचं नर्सबाईंनी सांगितलं. त्या मला व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी घेऊन गेल्या. तिथे एक बाक होता.

"बसा, गुरुजी. उभ्यानं आयकू नका."

मी बसलो.

"जखम भरनार नाही. दुखनं कमी करता येते. घान कमी करता येते. थे आपन करू."

"किती दिवस?"

"महिना निघते. दोन नाही निघत."

मला राग आला. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं, असं वाटलं. त्या हलल्या नाहीत. मी पिंपाच्या तोटीकडे बघत किती तरी वेळ बसलो आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तोंड धुवा आन् आत या. तुमचं तोंड पाहूनच तिले समजीन, म्हून धुवा."

त्या संग्रामपूरकडच्या. वय पस्तिशीच्या आसपास, ठेंगणी बांधणी, चालणं झपाझप. त्यांच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. वॉर्डात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे, पण काही पेशंटचे नातेवाईक त्यांच्या हातून औषध घेत आणि पाणी मात्र आपल्या तांब्यातलं पीत. त्याही ते पाहत होत्या.

त्यांची कामाची एक रीत होती. ती मी समोरच्या खाटेवर पाहिली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दम लागला होता, तीन पोरं भिंतीला टेकून उभी होती. तिघांचं आपसात बोलणं नव्हतं. नर्सबाईंनी म्हाताऱ्याची नाडी पाहिली आणि वळल्या.

"उभे काऊन राह्यले खांबासारखे? तू धाकटा ना? पाय दाब. तू इकडं ये, हा चमचा घे, ओठ ओले कर, पाजू नको, फक्त ओले कर. आन् मोठा कोन? तू बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"बैलाचं बोल."

"बैलाचं?"

"कालपासून थो बैलाचंच इचारून राह्यला बे. तुमाले आयकू येत नाही का?"

मोठा पोरगा खाली बसला, बापाच्या कानाशी गेला आणि सांगू लागला, की तांबडा आता लंगडत नाही, पेंड खातो, काल नदीवर धुतला. आधी त्याला लाज वाटत होती. मग तो सांगतच राहिला. दुपारचे दोन वाजले असतील. म्हातारा बैलांचं ऐकत ऐकत गेला. नर्सबाईंनी लगेच कुणाला रडू नको म्हटलं नाही, की गर्दी करू नका म्हटलं नाही. तिघांना नळावर नेलं, हात धुवायला लावले आणि प्रत्येकाला वेगळं सांगितलं. धाकट्याला म्हणाल्या, "पाय तू दाबले. थे तुझं. उद्या कोनी काही म्हनो." मधल्याला म्हणाल्या, "पानी तू देलं." मोठ्याच्या नुसता खांद्यावर हात ठेवला.

मी नंतर त्यांना विचारलं, हे कुठं शिकवतात का?

त्या हसल्या. "हे कोन शिकवते, गुरुजी? पयले लोकं माह्या हातचं पानी घेत नोते. मरनाऱ्याले तर बिलकूल पाजू देत नोते. म्हनलं, घ्या मंग चमचा, तुमीच पाजा. मंग पाह्यलं, ज्यानं पाजलं थो घरी जाऊन निजते. ज्यानं नाही पाजलं थो वर्षभर फिरते. तवापासून समद्याईलेच काम देतो."

माझ्या बायकोचं आणि त्यांचं फार जमलं. रोज सकाळी जखम धुवायची वेळ आली, की खाटेभोवती हिरवा पडदा लागायचा. जखमेला वास होता. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. घरी असताना माझी आई तिच्याशी बोलताना नाकाला पदर लावायची एवढं पुरे. नर्सबाई लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुवायच्या, नवं कापड बांधायच्या. खाटेखाली त्यांनी कोळशांनी भरलेलं एक घमेलं ठेवलं होतं. मला वाटलं, शेकण्यासाठी असेल. बायको म्हणाली, "अहो, ते वास ओढून घेतं. किती हुशार बाई आहेत!" पडद्याआडून कधी कधी हसू ऐकू यायचं. बायको त्यांच्या बोलीची, ‘का’ला ‘काऊन’ म्हणण्याची, नक्कल करायची.

"काऊन वं माय, आज जेवली काऊन नाही?"

"तू मले शिकवू नको, तुह्या गावाकडं तर कामून म्हनतेत!" नर्सबाईंचं उत्तर यायचं.

आजारी पडल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ते ऐकूनही मी पडद्याच्या बाहेरच राहिलो. नर्सबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "या गुरुजी, हात धुवा, पट्टी कशी बांधायची थे पाहून घ्या." मी प्रत्येक वेळी काही तरी काढलं. चहा प्यायचा आहे, शाळेला रजेचं पत्र टाकायचं आहे. त्यांनी ओळखलं असणार. मग त्यांनी सोपं काम दिलं: कापूस ग्लिसरीनमध्ये बुडवून तिचं तोंड आतून पुसायचं, कारण ते कोरडं पडून चिरत होतं. ते मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा बायकोनं माझं बोट दातात धरलं आणि डोळ्यांनी हसली. त्यानंतर मी ते केलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिचं हसणं सोसलं नाही, असं काही तरी.

तिचा धाकटा भाऊ, माझा साळा, एकदा भेटून गेला. त्यानं तिला स्वच्छ लुगड्यात, वेणी घातलेली, हसताना पाहिलं. तो समाधानानं परतला.

तिसऱ्या आठवड्यात वडिलांचा निरोप आला. आमच्या गावाहून येणाऱ्या एकानं चिठ्ठी आणून दिली: जीव आहे तोवर घेऊन या. याचा अर्थ आमच्याकडच्या कुणालाही सांगावा लागत नसे. बाहेरगावी मेलेलं माणूस आमच्याकडे घराचा उंबरा ओलांडून आत आणत नसत. शिवेवरून परस्पर मसणात. ज्याचं मरण दवाखान्यात झालं, त्याला घर असून घर नाही, असं लोक मानायचे. म्हणून श्वास चालू असतानाच माणसं नेली जायची. दवाखान्यालाही ते ठाऊक होतं. नर्सबाई अशा लोकांना अडवत नसत. उलट वाटेत काय करायचं, कसं झोपवायचं, ते नीट शिकवून पाठवत.

मी त्यांना चिठ्ठी दाखवली.

"नेता येते," त्या म्हणाल्या. "लय लोकाले मी सोता तयारी करून देली. पर इले इचारलं का?"

"तिला काय विचारायचं?"

"तिले घरी जायाचं नाही."

"कोण म्हणतं असं?"

"थेच म्हनते. काऊन, थे तुमी इचारा."

मी चिठ्ठीची घडी घालू लागलो. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि मग आवाज खाली आणून स्वतःच सांगितलं. "घरी बाया पाहाले येतीन. नाकाले पदर लावतीन. पोरगी जवळ येनार नाही, आली तर भिईन, आन् थेच तिच्या ध्यानात राहीन. इचं इतकंच म्हननं हाय, की पोरीनं मले असं पाहू नये. आठ-दहा दिवसाची गोष्ट हाय, गुरुजी. राहू द्या. मी सोता तिले न्हाऊ घालून तुमच्या हवाली करीन."

"लोक काय म्हणतील?"

"लोकं तं म्हनतच राह्यते."

मी बायकोला विचारलं नाही. खाटेपाशी गेलो, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी म्हणालो, "उद्या घरी जाऊ." तिनं डोळे मिटले. ती नाही म्हणाली असती, तर मला थांबावं लागलं असतं, म्हणून मी प्रश्नच केला नाही. गावाची रीत होती, वडिलांचा निरोप होता, हे खरं. पण त्याखाली आणखी एक होतं आणि तेही खरं: मी थकलो होतो, मला हे एकदाचं संपायला हवं होतं, आणि घरी आई होती, चुलती होती, त्यांनी पाहिलं असतं. मी मोकळा झालो असतो. डॉक्टरांसमोर मी स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली.

सकाळी जीप आली. ड्रायव्हर आमच्या भागातलाच होता. तो आणि मी तिला उचलायला गेलो, तर तिनं खाटेचा लोखंडी गज धरला. उजव्या हातानं, इतका घट्ट की नखं पांढरी झाली. ड्रायव्हर मनगट धरून ओढू लागला.

"सोड बे!" नर्सबाई ओरडल्या. "तिले दुखीन."

त्या वाकल्या. एकेक बोट त्यांनी हळू सोडवलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं. सोडवताना तिच्या कानात काही बोलत होत्या, मला एवढंच ऐकू आलं, "जा माय, जा, मी काय करू." शेवटचं बोट सुटल्यावर तो हात त्यांनी थोडा वेळ आपल्या हातात ठेवला. मग पदर खोचून स्वतः तिला खांद्याकडून धरून जीपमध्ये ठेवलं. माझ्याजवळ एक पुडकं दिलं: कापूस, जाळीचं कापड, लाल औषध, ग्लिसरीनची बाटली आणि एक कागद, त्यावर काय कसं करायचं ते सुवाच्य अक्षरात.

"तोंड दर दोन तासानं पुसा. जखम सकाळ-सांज. घरचे करतीन म्हनू नका. तुमी करा. तुमीच."

घरी ती चार दिवस जगली. गोठ्याच्या बाजूच्या पडवीत बाज टाकली होती. मुलीला शेजारी पाठवलं होतं. बाया येत, नाकाला पदर लावून उभ्या राहत, च च करत, जात. मी ओट्यावर पुरुषांत बसायचो. पुडकं मी आईकडे दिलं, आईनं कोनाड्यात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. आईला दोष देत नाही, तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पडवीच्या दारात मी क्षणभर उभा होतो, तेव्हा तिनं विचारलं, "नर्सबाई कधी येतात?" मी म्हणालो, "येतील." चौथ्या दिवशी भर दुपारी आम्ही ओट्यावर ज्वारीच्या पिकाचं बोलत होतो. आई बाहेर आली आणि म्हणाली, "गेली." कधी गेली, कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याजवळ त्या वेळी कुणीही नव्हतं.

लोक म्हणाले, नशीबवान, आपल्या घरातून गेली.

साळा आला तेव्हा तिला न्हाऊ घालत होते. बायांनी त्याच्या आईला जखम दाखवली आणि आईनं त्याला सांगितलं. चार दिवसांची पट्टी तशीच होती. दहाव्याला नदीवर सगळे बसलो असताना त्यानं विचारलं.

"दाजी, दवाखान्यात तर बरी ठेवली होती तिला. मग आणली कामून?"

दहा-पंधरा माणसं होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काही ठरवून बोललो नाही. पण तोंडातून आलं, "मी कुठं आणली? नर्सबाई म्हणाल्या, आता इलाज नाही, खाट रिकामी करा."

"अशी म्हणाली?"

"सहीसुद्धा त्यांनीच करायला लावली."

जीपचा ड्रायव्हर तिथेच बसला होता. तो म्हणाला, "हाव, मी पाहिलं ना. बाईनं खाट धरून ठेवली होती, नर्सनं बोटं सोडवली." त्यानं खोटं काही सांगितलं नाही. त्यानं पाहिलं तेच सांगितलं. मग कुणी तरी मागून म्हणालं, "त्या लोकांच्या हाती दिल्यावर आणखी काय होणार?" आणि पुढे पुराव्याची गरज उरली नाही. मला हे ठाऊक होतं. मी बोललो तेव्हा कदाचित ठाऊक नसेल, पण ते वाक्य ऐकलं तेव्हा ठाऊक झालं, की माझं खोटं आता चालेल. आणि मी ते चालू दिलं. मी शाळेत पोरांना सगळे समान म्हणून शिकवत होतो.

साळ्याची नव्या पंचायत समितीत ऊठबस होती. त्यानं अर्ज लिहिला. मी सही केली.

तीन-चार आठवड्यांनी चौकशीला बोलावलं. डॉक्टरांच्या खोलीत बाहेरून आलेले एक साहेब बसले होते. नर्सबाई भिंतीशी उभ्या होत्या.

"पेशंटची बोटं खाटेवरून तुम्ही सोडवली?"

"हो, साहेब."

"कशासाठी?"

"मी नसती सोडवली, तर यांनी ओढली असती."

"खाट रिकामी करा, असं तुम्ही या मास्तरांना म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजीलेच इचारा."

साहेबांनी मला विचारलं. मी "हो" म्हणालो.

बाहेर आलो तर त्या व्हरांड्यात थांबलेल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "एक सांगा, गुरुजी. तोंड पुसत होते का तिचं?"

"हो."

"कोन?"

"मी."

"दर दोन तासानं?"

"हो."

"जखम?"

"तुम्ही लिहून दिलं होतं तशी धुतली."

"आखरीले जवळ कोन होतं?"

"मी होतो."

"काही बोलली?"

"तुमची आठवण काढली," मी म्हणालो. त्या सगळ्यात तेवढं एक खरं होतं.

त्यांनी उलट्या हातानं डोळे पुसले. चेहरा एकदम सैल पडला, एखादं जड ओझं खाली ठेवल्यावर पडतो तसा. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "आत जे खोटं बोलले, थे तुमचं तुमी पाहा. मी काही तुमाले माफ करत नाही. पर मले हे समजून घ्यायचं होतं. मले झोप नोती." आणि त्या वॉर्डाकडे चालत्या झाल्या.

पहिलं खोटं मला कळतं. ते भ्याडपणाचं होतं, त्याचं नाव सरळ आहे. हे दुसरं कळत नाही. त्यानं त्यांना झोप लागली असेल. मग ते चांगलं होतं का? की जिची नोकरी घेतली, तिच्याकडून तिचं रडणंही मी काढून घेतलं? साठ वर्षं मी हे उलटंपालटं करतो आहे. लिहितानाही आता दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

त्यांना वॉर्डातून काढून चादरी-कपड्यांच्या खोलीत बसवलं, असं तिथल्या कंपाउंडरनं मला पुढे सांगितलं. ज्या बाई मरणाऱ्याच्या पोरांना पाय दाबायला बसवायच्या, त्या परीटघडीच्या चादरी आत घेत आणि बाहेर देत बसल्या. मग कुठल्या तरी आडगावी बदली, मग नोकरीच सोडली. दहा-बारा वर्षांनी परीक्षेच्या कामानं मी संग्रामपूरला गेलो होतो. चहाच्या टपरीवर विचारलं, तर टपरीवाल्यानं लगेच सांगितलं, "त्या दवाखान्यातल्या बाई? त्या गल्लीत, तिसरं घर. कोनाच्या घरी माणूस आखरीले आला, की अजून त्याईलेच बलावतेत." मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो आणि मिळाली ती एसटी पकडली. त्या वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

माझी मुलगी आजीच्या हाताखाली वाढली आणि ही गोष्ट ऐकतच वाढली: एका नर्सनं तुझ्या आईला मरताना हाकलून दिलं. मी कधी दुरुस्ती केली नाही. तिनं स्वतःची दोन्ही बाळंतपणं दवाखान्याच्या नावानं खडे फोडत घरीच केली, दुसऱ्या वेळी मरता मरता वाचली. आता ती पासष्टीच्या पुढे आहे.

यंदा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वॉर्डात एक नर्स होती, पोरसवदा, शांत. ती मला म्हणाली, "आजोबा, कुशीवर वळा बरं, मी धरते." मुलगी शेजारी बसलेली. ती फटकन म्हणाली, "हात लावू नका त्यांना. तुम्हा लोकांना चांगली ओळखते मी. माझ्या आईला मरताना खाटेवरून ओढून काढलं होतं तुमच्यातल्या एकीनं." त्या पोरीचा हात हवेत तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेतला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोललो नाही. घरी आल्यावर, तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी मेथी निवडत बसली होती, तेव्हा बोललो. सगळं नाही जमलं, तुकड्या-तुकड्यांनी. ती निवडतच राहिली. मग थांबली.

"आई कुठं होती? घरात कुठं?"

"गोठ्याकडच्या पडवीत."

"आणि मी?"

"शेजारी."

"मला तिच्यापाशी कुणी नेलं होतं का?"

"नाही."

"तिनं मागितलं होतं?"

"माहीत नाही. मी आत जातच नव्हतो."

ती काड्या वेगळ्या करत राहिली. "अण्णा," ती म्हणाली, "त्या पोरीला मी काय बोलले हो परवा!" मग भाजीची परात बाजूला सारून उठली. "उठा. मामाकडं जायचं. अर्ज त्यानं लिहिला ना? त्याच्या गावात अजून हेच सांगतात."

"टाके ओले आहेत."

"टाके सुकले की मग."

ती विसरली नाही. बारा दिवसांनी आम्ही गेलो.

साळा आता पंच्याऐंशीचा आहे. ओट्यावर खुर्चीत बसलेला. ऐकू येत नाही. पोरांनी कानाचं यंत्र आणून दिलंय, ते तो सदऱ्याच्या खिशात ठेवतो, कानात शिट्ट्या वाजतात म्हणतो. समोरच्या नळावर बाया पाणी भरत होत्या. मी त्याच्याजवळ स्टुलावर बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"काय?"

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं बोला, दाजी! तुमचा आवाज कामून बसला?"

मुलगी उंबऱ्यावर उभी होती. तिनं मदत केली नाही.

"नर्सबाईनं हाकललं नव्हतं!" मी ओरडलो.

"कोणाला?"

"तुझ्या बहिणीला! त्यांनी राहू द्या म्हटलं होतं! मी आणली!"

नळावरची एक घागर भरून वाहायला लागली, ती कुणी काढली नाही. सून आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. साळ्यानं खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं, त्याची शिट्टी वाजली, ती त्यानं बोट दाबून बंद केली.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. गज, बोटं, पुडकं, पडवी, सगळं. आता ओरडायची गरज नव्हती, पण आवाज खाली येईना.

"मग अर्ज?" तो म्हणाला.

"खोटा होता."

"मी लिहिला तो."

"लिहिला तू. सांगितला मी."

त्यानं माझ्याकडे पाहणं सोडलं. "मी भेटायला गेलो होतो तेव्हा अक्का म्हणाली होती," तो गल्लीकडे बघत म्हणाला, "इथं बरं आहे रे, म्हणाली, इथंच ठेवा म्हणावं दाजींना. मी म्हटलं, दाजी समजदार आहेत." मग म्हणाला, "उठा, दाजी."

"मामा," मुलगी म्हणाली.

"तू बस गं. त्यांना म्हण, माझ्या ओट्यावरून उठा."

मी उठलो. दोन पायऱ्या उतरायला मला वेळ लागतो, कुणी हात दिला नाही, ते बरोबरच होतं. खाली गल्लीत उभा राहिलो. स्टँडकडे चालू लागावं, की मुलीसाठी थांबावं, कळेना. नळावरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. वर साळा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सुनेला सगळं पहिल्यापासून सांगू लागला होता, "त्या नर्सबाईची काही चूक नव्हती, ऐकलं का, आपणच..." आणि मग मध्येच तो मुलीला म्हणाला, "विचार त्यांना, त्या बाईचं मागं कुणी आहे का. घर तरी माहीत आहे का म्हणावं."

मुलगी ओट्याच्या कडेला आली. माझ्याकडे न बघता तिनं तेच मला विचारलं.

"मागं कुणी आहे का, माहीत नाही," मी म्हणालो. "गल्ली माहीत आहे."

"काय म्हणतात?" साळा वरून ओरडला.

"गल्ली माहीत आहे!" मी खालून ओरडलो. "घरापर्यंत गेलो नव्हतो!"